वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेतील नवोपक्रमासाठी लहान अनुदान: अर्ज कुणाकडे आणि कसा करावा?

प्रश्न: खाडीकाठची शिक्षिका, राजापूर तालुका

सर्वांना सस्नेह नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या पहिली ते सातवीच्या शाळेत शिकवते. शाळेचा पट २७ आहे आणि खाडी शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे. पावसाळ्यात आमच्याकडे पाण्याला तोटा नसतो. पण शिमगा सरला की खालच्या वाडीतील काही विहिरींचे पाणी मचूळ लागू लागते आणि बायकांना हंडे घेऊन वरच्या वाडीपर्यंत चढावे लागते. हे दरवर्षी घडते आणि सगळ्यांना ठाऊक आहे, तरी कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यापासून किती खारट होते याची नोंद गावात कुणाकडेही नाही.

पाचवी ते सातवीच्या मुलांनी वर्षभर रोजचा पाऊस मोजावा, दर पंधरवड्याला ठरावीक सहा विहिरींची पाणीपातळी आणि पाण्यातील क्षारांचे प्रमाण नोंदवावे, त्याचे आलेख शाळेबाहेरच्या फलकावर लावावेत आणि वर्षअखेरीस सर्व नोंदींची एक छोटी पुस्तिका ग्रामसभेपुढे ठेवावी, असा उपक्रम मी आखला आहे. गणित, विज्ञान आणि भूगोल या तिन्ही विषयांना त्याचा उपयोग होईल, असा माझा विश्वास आहे. पर्जन्यमापक, दोन टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारी छोटी उपकरणे), मोजपट्ट्या, नोंदवह्या, फलक आणि छपाई मिळून सुमारे अठरा हजार रुपये लागतील.

एवढ्या लहान रकमेसाठी कुणाकडे जावे, पैसे कुणाच्या नावे घ्यावेत आणि अर्जात काय लिहावे, याचे मार्गदर्शन अनुभवी मंडळींनी करावे, ही नम्र विनंती.

उत्तर: निवृत्त केंद्रप्रमुख, कुडाळ

मॅडम, उपक्रम मनापासून आवडला. पैसा कुठून येईल यापेक्षा तो कुणाच्या खात्यात जमा होईल, हे आधी ठरवा. माझ्या माहितीतील एका शाळेला देणगीदाराने मुख्याध्यापकांच्या वैयक्तिक नावाने धनादेश दिला होता. रक्कम पै न पै शाळेसाठी खर्च झाली, तरी पुढच्या तपासणीत त्या प्रामाणिक माणसाला महिनोन्महिने खुलासे करावे लागले. म्हणून देणगी शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यातच घ्यावी. अध्यक्ष आणि सचिव या नात्याने मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीने ते खाते चालते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचा पैसा ज्या शून्य शिल्लक खात्यातून खर्च होतो, त्यात बाहेरची देणगी कधीही मिसळू नका. लोकसहभागाची रक्कम स्वतंत्र बचत खात्यात आणि तिचा हिशेब स्वतंत्र रोकडवहीत असू द्या.

दुसरी गोष्ट ठरावाची. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असतात, आणि कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा तयार करणे हे समितीचे काम आहे. आपला उपक्रम त्या आराखड्यात घाला, समितीच्या सभेत ठराव करून घ्या आणि इतिवृत्ताची प्रत प्रत्येक अर्जाला जोडा. पाण्यासाठी रोज चढ चढणाऱ्या आयाच त्या सभेत बसलेल्या असतील, तेव्हा ठराव केवळ कागदापुरता राहणार नाही. ठरावाची एक प्रत केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांनाही द्या. वरिष्ठांना उपक्रम माहीत असला की पुढे अडवणूक होत नाही.

आता निधीविषयी. समग्र शिक्षा योजनेतून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते: तीसपर्यंत पट असल्यास १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाला २५,००० रुपये. आपल्याला मिळणाऱ्या दहा हजारांतील किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चावा लागतो, आणि वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, खडू-कागद यांत उरलेली रक्कम संपते. तरीही नोंदवह्या आणि फलक यांचा खर्च त्यातूनच करावा असे मी सुचवीन, कारण शाळेने स्वतःचा वाटा घातला आहे हे पाहून बाहेरचा देणगीदार अधिक विश्वासाने हात पुढे करतो.

ग्रामपंचायतीला वगळू नका. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतील ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित ठेवला आणि त्यात पर्जन्यजल संधारणाचाही समावेश केला. आपला विषय पाण्याचाच आहे. मात्र ग्रामपंचायत विकास आराखड्यात ज्या कामाची नोंद नाही, त्यावर सरपंचांना इच्छा असूनही खर्च करता येत नाही. आराखड्याची ग्रामसभा होण्यापूर्वीच ग्रामसेवकांकडे लेखी मागणी पोहोचली पाहिजे.

केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर युडायस क्रमांकाने (शाळेच्या सरकारी ओळख क्रमांकाने) शाळेची नोंदणी करून साहित्याची मागणीही नोंदवता येते. तिथे पैसे मिळत नाहीत, वस्तू किंवा सेवा मिळते. टीडीएस मीटरसारख्या नेमक्या वस्तूसाठी ते सोयीचेच आहे. सातवीतील एखाद्या मुलीला यातून काही नवी कल्पना सुचली, तर इन्स्पायर मानक योजनेसाठी तिचे नाव पाठवा. निवड झाल्यास १०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. शाळेच्या उपक्रमासाठी तो पैसा धरू नये, तो त्या मुलाचा असतो.

उत्तर: अर्ज छाननी करणारा कार्यकर्ता, चिपळूण

शाळांना लहान मदत देणाऱ्या एका न्यासासाठी मी अर्ज वाचण्याचे काम करतो. केंद्रप्रमुख साहेबांनी कागदपत्रांची बाजू उत्तम मांडली आहे, म्हणून मी अर्जातील मजकुराविषयी लिहितो.

आमच्याकडे येणाऱ्या बहुसंख्य अर्जांचे पहिले पान शिक्षणाचे महत्त्व सांगण्यात जाते. ते महत्त्व पटलेले असते म्हणूनच न्यास स्थापन झालेला असतो. आपण वर प्रश्नात लिहिलेले वाक्य, म्हणजे कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यापासून किती खारट होते याची नोंद कुणाकडेही नाही, हेच अर्जाचे पहिले वाक्य असू द्या. त्यानंतर मुले काय करतील ते लिहा. 'विद्यार्थ्यांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन रुजेल' या वाक्याने छाननी करणाऱ्याला काहीच कळत नाही. सहावीची दोन मुले एका मोठ्या माणसाबरोबर दर पंधरा दिवसांनी विहिरीवर जातील, कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजतील आणि परत येऊन वर्गात आलेखावर बिंदू मांडतील, असे लिहिले की चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. सर्व मिळून दोन पाने पुरतात.

अंदाजपत्रकाबाबत एक महत्त्वाचे सांगतो. पर्जन्यमापक घेताना तो किती पाऊस सामावून घेतो हे पाहा. हवामान विभागाच्या वर्गीकरणानुसार चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार, आणि कोकणात असे दिवस येतात. २२ जुलै २०२१ च्या महापुरात आमचे अर्धे शहर पाण्याखाली होते. ज्या दिवसाची नोंद सर्वांत मोलाची, नेमक्या त्याच दिवशी लहान नळीचा स्वस्त मापक भरून वाहील. म्हणून 'पर्जन्यमापक, एक नग' एवढेच न लिहिता त्याची क्षमता लिहा आणि थोडा अधिक खर्च का धरला आहे हे एका ओळीत सांगा. त्या ओळीवरून अर्जदाराने विषयाचा विचार केला आहे हे लगेच कळते. हवामान विभागाची पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते. आपली शाळा त्यानंतर भरत असेल, तर शाळेजवळ राहणाऱ्या कुटुंबाकडे रोजच्या नोंदीची जबाबदारी देऊन तसे अर्जात नमूद करा. रविवार आणि गणपतीची सुट्टी यांची व्यवस्थाही त्यातच येईल.

टीडीएस मीटरबरोबर त्याची अचूकता तपासण्याचे प्रमाणित द्रावण अंदाजपत्रकात धरा. द्रावणाशिवाय मीटर काही महिन्यांनी भलते आकडे दाखवू लागले तरी कळत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास २००० पर्यंत मुभा आहे. या दोन रेषा मुलांच्या आलेखावर आधीच आखून ठेवा. विहिरीचा बिंदू कोणत्या महिन्यात कोणती रेष ओलांडतो हे वाडीतील प्रत्येकाला वाचता येईल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी जिल्ह्यात आहेत. जिल्हा कार्यालयाला पत्र देऊन जवळच्या विहिरीच्या नोंदी मागा, म्हणजे मुलांना तुलनेसाठी आधार मिळेल आणि अर्जालाही वजन येईल.

अंदाजपत्रकात 'इतर खर्च' असा रकाना ठेवू नये. प्रत्येक वस्तूचे दरपत्रक जोडावे, खरेदीनंतर पक्के बिल घ्यावे, मीटर आणि मापक यांची नोंद जडवस्तूसंग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) करून त्या पानाची प्रत उपयोगिता प्रमाणपत्रासोबत, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्यासोबत, पाठवावी. पहिल्या मदतीचा हिशेब वेळेवर देणाऱ्या शाळेला दुसऱ्यांदा मागावे लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीविषयी लोक वारंवार विचारतात. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्चावी लागते. संस्थेमार्फत खर्च करायचा असल्यास तिची सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घेण्यासाठी सरकारकडे करायची नोंदणी) लागते आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे ती नसते. त्यामुळे कंपनीने साहित्य स्वतः खरेदी करून शाळेला द्यावे किंवा नोंदणीकृत संस्थेमार्फत काम करावे, हे दोन मार्ग उरतात. अठरा हजारांसाठी मी हा रस्ता धरणार नाही. परिसरातील आठ-दहा शाळांनी एकत्र येऊन हाच उपक्रम मांडला, तर मात्र कंपनीकडे जरूर जावे, कारण खाडीच्या दोन्ही काठांवरील विहिरींच्या एकत्रित नोंदीचे मोल फार मोठे असेल.

उत्तर: ग्रामविकास मंडळाचा चिटणीस, मुंबई (मूळ गाव लांजा तालुका)

मॅडम, आपल्या गावचे मुंबई मंडळ असेलच. गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा आरतीनंतर माणसे एकत्र बसलेली असतात; त्या वेळी मुलांनी स्वतः काढलेला जून ते ऑगस्टचा पावसाचा आलेख दाखवावा आणि नेमकी रक्कम सांगून मागणी करावी. 'शाळेला मदत करा' असे म्हटले की शंभर-दोनशे रुपये जमतात. 'एका टीडीएस मीटरचा खर्च एका कुटुंबाने उचलावा' असे म्हटले की उचलणारे कुटुंब पुढे येते, कारण आपण दिलेली वस्तू त्यांना पुढच्या वर्षी हातात घेऊन पाहता येते.

काही देणगीदार ८०जी ची, म्हणजे आयकरात सवलत देणारी, पावती मागतात. ती शाळा व्यवस्थापन समितीला देता येत नाही, ज्या न्यासाकडे ते प्रमाणपत्र आहे त्यालाच देता येते. शिवाय दोन हजारांवरील रोख देणगीला करसवलत मिळत नाही. रोख घेणे टाळावे, हेच उत्तम. मंडळाची सभा बहुधा मे महिन्यात होते, तेव्हा अर्ज एप्रिलमध्येच चिटणिसांच्या हाती द्यावा.

प्रश्नकर्तीचे पुढील म्हणणे

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. समितीची सभा बोलावून ठरावाचा मसुदा आणि ग्रामसेवकांना द्यायचे पत्र मी याच आठवड्यात तयार करते. दोन शंका उरतात. माझी बदली झाली तर उपक्रम थांबू नये म्हणून अर्जात काय तरतूद करावी? आणि एखाद्याच्या खाजगी विहिरीचे पाणी खारट असल्याचे फलकावर लिहिल्यास मालक दुखावतील, त्याचे काय करावे?

उत्तर: निवृत्त केंद्रप्रमुख, कुडाळ

दोन्ही शंका योग्य वेळी विचारल्यात. बदलीसाठी ठरावातच आपल्यासोबत दुसऱ्या शिक्षकांचे आणि एका पालक सदस्याचे नाव जबाबदार म्हणून घाला. नोंदवही, मीटर आणि द्रावण शाळेच्या कपाटात राहील, कुणाच्या घरी जाणार नाही, हेही लिहा. आपला कार्यभार सोपवताना या वस्तू यादीत आपोआप येतील. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे आणि ग्रामपंचायतीकडे पाण्याचे नमुने घेणारा जलसुरक्षकही असतो. त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घेतले, तर शिक्षक बदलले तरी काम जाणणारी माणसे गावातच राहतील.

विहिरींबाबत सहा मालकांची लेखी संमती उपक्रम सुरू होण्यापूर्वी घ्या. फलकावर नावाऐवजी क्रमांक लिहा आणि प्रत्येक मालकाला त्याच्या विहिरीचा आकडा स्वतंत्र चिठ्ठीवर द्या. आकडे सार्वजनिक करायचे की नाही, ते वर्षअखेरीस मालकांसमक्ष ग्रामसभेत ठरू द्या. आणि एक आग्रहाने सांगतो: ज्या विहिरीला छातीएवढा कठडा नाही, ती निवडू नका, मग तिची नोंद कितीही उपयोगाची असो. पाणी मोठ्या माणसाने शेंदावे आणि मोजपट्टीही त्यानेच सोडावी. मुलांनी कठड्यापासून दूर उभे राहून आकडा लिहून घ्यावा. जूनमध्ये शेवाळ धरलेल्या जांभ्यावरून पाय कसा सटकतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. ही काळजी अर्जात एका स्वतंत्र परिच्छेदात लिहा आणि पालकांची संमतीपत्रे ठरावाच्या प्रतीमागे जोडा.