वॉटरकलर पेन्सिलच्या रेघा पाणी फिरवूनही का राहतात?

रंगछंदी: नमस्कार. जास्वंदीचे फूल आणि पाने वॉटरकलर पेन्सिलने (पाण्यात विरघळणाऱ्या रंगीत पेन्सिलने) रंगवताना दोन अडचणी येत आहेत. गडद भागावर ओला ब्रश फिरवला तरी रेघा उठून दिसतात, आणि पाकळीचा लाल जिथे पानाच्या हिरव्याला भिडतो तिथे मळकट तपकिरी पट्टा उमटतो. कागद साध्या चित्रकलावहीचा आहे. दोष पेन्सिलींचा, कागदाचा की पद्धतीचा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ओला कुंचला: पेन्सिलींना दोष देण्याआधी हाताचा दाब पाहावा. जोर देऊन ओढलेल्या रेघेने कागदावर चर पडतो, त्यात रंग दाबून बसतो आणि वरून कितीही पाणी फिरवले तरी तो सहजी हलत नाही. म्हणून गडद छटा एका दमात आणण्याचा मोह टाळून, पेन्सिल तिरपी धरून हलका थर द्यावा, तो भिजवावा, पूर्ण वाळू द्यावा आणि मगच दुसरा थर चढवावा. कागद वरून कोरडा दिसला तरी आतून दमट असू शकतो, विशेषतः पावसाळ्यात. तळहाताची मागची बाजू टेकवल्यावर तो गार लागला तर थांबावे, कारण दमट कागदावर पेन्सिलची रेघ फार गडद उमटते आणि नेमकी तीच नंतर विरघळत नाही.

कागदवेडा: वरील मताशी सहमत आहे, मात्र वहीचा पातळ कागद आधी बदला. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जाड), किंचित खरखरीत पोताचा जलरंगाचा कागद दोन-तीन वेळा भिजूनही फारसा वाकत नाही. तपकिरी पट्ट्याचे कारण सरळ आहे: लाल आणि हिरवा हे परस्परविरोधी रंग ओले असताना मिसळले की मळकटच होतात. फुलाचा रंग पूर्ण वाळल्यावर पानाला हात घालावा आणि रंग बदलताना ब्रश धुऊन फडक्याला टिपावा. पाकळीच्या कडेला तर पेन्सिल कागदावर टेकवूच नये; तिच्या टोकावरून ओल्या ब्रशनेच रंग उचलून लावला, तर रेघेचा प्रश्नच उरत नाही.

रेघोट्या: माझे मत थोडे वेगळे आहे. सगळ्याच रेघा पुसायच्या असतील तर जलरंगाच्या वड्याच वापराव्यात, पेन्सिल कशाला? कारान दाश या स्विस कंपनीने १९३१ साली प्रिझ्मालो ही पाण्यात विरघळणारी रंगीत पेन्सिल आणली. तिचे शिसे काहीसे कठीण असल्याने टोक बारीक राहते आणि पानाच्या शिरांसाठी ते फार उपयोगी पडते. आधी पानाचा हलका थर विरघळवून वाळू द्यावा, मग शिरा कोरड्या रेघेने काढाव्यात आणि त्यांवर पाणी मुळीच फिरवू नये. पाकळीवर रेघा ठेवायच्याच असतील, तर त्या देठाकडून कडेकडे, पाकळीच्या वळणानेच ओढाव्यात. ब्रशही त्याच दिशेने फिरला की उरलेल्या रेघा खटकत नाहीत, उलट पाकळीला उठाव देतात.

रंगछंदी: सर्वांचे आभार. नवा कागद आणून प्रथम एकट्या पाकळीवर हलके थर देऊन पाहते. शिरांचे काम त्यानंतर.