ब्राऊन पेपरच्या कव्हरातली पुस्तकं: तुमचे अनुभव सांगा

मोरपीस:
परवा माळा आवरताना माझं बारावीचं 'बुककीपिंग' सापडलं. ब्राऊन पेपरचं कव्हर, वर माझ्या अक्षरात नाव, इयत्ता, तुकडी, सगळं अगदी व्यवस्थित. आत मिल्स अँड बूनची प्रेमकथा! लेक शेजारीच उभी, वय वर्षं पंधरा, म्हणाली आई, तू अशी होतीस? आता काय सांगणार. ही कंपनी १९०८ ला लंडनमध्ये निघाली म्हणे, माझ्यापर्यंत ती रद्दीवाल्याकडून पोचायची, वाचून परत दिलं की निम्मे पैसे परत. आत्याकडे राहून शिकत होते, ती येता-जाता विचारायची अभ्यास चाललाय ना, आणि तिला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून मी बिनधास्त.

पण मला फक्त तसली गुलाबी पुस्तकं नाही म्हणायची. ज्यात नायिकेचं अख्खं घर असतं, आई कटकट करते, बहीण टोमणे मारते, नोकरीत गोंधळ, स्वतःबद्दल काही धड वाटत नसतं, त्यात मधेच कुणीतरी आवडायला लागतो आणि वाचताना फसकन हसू येतं, असली पुस्तकं. कुठलं वाचलंत, कधी, आणि घरात काय झालं ते लिहा. समीक्षा नको हां, अनुभव हवेत.

लोकलवाली:
ब्रिजेट जोन्स!! हेलन फील्डिंगने १९९५ ला पेपरातल्या सदरात सुरू केलं, ९६ ला पुस्तक आलं, माझ्या हातात पडलं २०११ ला. मी २९ ची आणि घरात माझ्या बायोडेटाची सातवी आवृत्ती चालू. पहिल्याच नोंदीत ही बाई स्वतःचं वजन लिहून हळहळते, मी पौंडांचे किलो केले मोबाईलवर तर साडेअठ्ठावन्न! अगं साडेअठ्ठावन्नला काय रडतेस, मी ७१. एवढ्यांदा हसले की लोकलमध्ये समोर मटार सोलत बसलेल्या काकूंनी विचारलं काय झालं, सांगितलं तर म्हणाल्या "जेवत नसेल धड".

मग मी पण तशी डायरी चालू केली. "वजन ७१. पोहे २ प्लेट. 'मुलगी जरा हेल्दी आहे' १ वेळा. आईचे उसासे मोजायचे सोडले." पुढच्या कार्यक्रमात मुलाच्या मावशीने गोड आवाजात वजन विचारलंच, मी सांगितलं ७१, आणि तोंडातून निघून गेलं की याचं किती? शांतता. बाबा बाकरवडीची डिश बघत बसले. मुलगा बिचारा म्हणाला ८४. नाही, त्याच्याशी लग्न नाही झालं, लगेच कादंबरी करू नका. पण आईने त्या रात्री बायोडेटातून वजनाची ओळ खोडली, स्वतः, मी न सांगता.

जास्वंद:
मी ७३ वर्षांची, नातीने टाइप करायला शिकवलंय, चुका सांभाळून घ्या. आमच्या वेळी इंग्रजी नव्हतं. आम्ही शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर, सुमती क्षेत्रमाडे वाचायचो, वाचनालयाच्या पुठ्ठ्यावर तेलाचे डाग असलेली. आमचे हे म्हणायचे "बायकांची पुस्तकं". त्यातल्या अभ्यंकरबाई आणि क्षेत्रमाडेबाई डॉक्टर, जोगळेकरबाई गाणाऱ्या, आणि हे तिसऱ्या प्रयत्नात बी.ए.

७५-७६ ची गोष्ट, मिरजेला होतो. मी पुस्तक तांदळाच्या डब्यामागे ठेवायची, खूण म्हणून उदबत्तीची काडी. एकदा सकाळी ४२ व्या पानावर ठेवलेली काडी दुपारी ६० वर. मला वाटलं नणंद असेल, पण ती तर कॉलेजात. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी काही बोलले नाही, फक्त जास्त भरभर वाचायला लागले, म्हणजे काडी माझ्या पुढे जाऊ नये. असं चार-पाच पुस्तकं चाललं. मग एक पुस्तक आलं त्याची शेवटची पानंच फाटलेली. मी मनातल्या मनात चरफडत होते, सासूबाई मेथी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "तो परत येतो का गं?"

अहो सासूबाई माझ्याशी डाळ-तांदूळ सोडून बोलायच्या नाहीत! त्या दिवशी दोघींनी मेथी निवडता निवडता शेवट केला. माझ्या शेवटात तो येऊन माफी मागतो. त्यांच्या शेवटात ती शिवणाचं मशीन घेते, वरची खोली भाड्याने देते, आणि तो आला तर दार उघडत नाही. सासरे बाहेर ओटीवर पेपर वाचत होते. मी म्हटलं हळू बोला, तर म्हणाल्या, "ऐकू दे."

मोरपीस:
आजी!!! "ऐकू दे" वाचून अंगावर काटा आला. अजून लिहा हो.

कोल्हापुरी_डब्लिनकर:
मी डब्लिनला, त्यामुळे मारियन कीज वाचल्याशिवाय इथे राहता येत नाही असं माझं मत. तिच्या वॉल्श घराण्यात पाच बहिणी, आणि त्यांचं घर मला डब्लिनपेक्षा राजारामपुरीतलं जास्त वाटतं, सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत आणि सल्ला न मागता मिळतो. १९९५ च्या तिच्या पहिल्या पुस्तकात नायिकेला बाळ होतं त्याच दिवशी नवरा सांगतो मी चाललो. मी ते नेमकं माझ्या बाळंतपणात काढलं, मूर्खपणाच. आई आली होती डिंक-अळीव घेऊन. ती बाळाला तेल लावायची आणि मी तिला वाचून मराठीत सांगायची, रोज थोडं थोडं, तिला मालिकेसारखी चटक लागली. बाळाला झोपवून म्हणायची, हं, वाच, त्या मेल्याचं काय झालं पुढे.

(पुढे रहस्यफोड आहे, ज्यांना वाचायचंय त्यांनी उडी मारा.) तो नवरा परत येतो आणि उलट हिलाच पटवतो की तूच बालिश होतीस, चूक तुझीच, आणि हिला ते खरं वाटायला लागतं. मी वाचत होते आणि आईचा हात थांबला. म्हणाली, "हे असंच असतं. माझ्या बाबतीत सतरा वर्षं असंच होतं." आणि परत तेल लावायला लागली. माझे बाबा वारले तेव्हा मी कॉलेजात होते, घरात त्यांचा फोटो, हार, सगळं असतं, याबद्दल ती कधी एक शब्द बोलली नव्हती. मी काही विचारलं नाही, पुढचं वाचलं. शेवटी तिचा निकाल: "तो दुसरा, अॅडम, वयाने लहान आहे पण बरा वाटतो. चौकशी करायला हवी."

ताक_पिते_फुंकून:
सगळं छान चाललंय पण मी जरा वेगळं लिहिते. मला ही पुस्तकं चिडवतात. माझा घटस्फोट झाला तेव्हा मैत्रिणींनी मिळून पाच भेट दिली. पाचपैकी दोघींना मावशीकडून बेकरी नाहीतर पुस्तकाचं दुकान वारसाहक्काने मिळतं, बाकीच्या समुद्रकाठी जातात. मला वारसाहक्काने गुडघेदुखी मिळाली आणि होमलोनचा हप्ता. आणि शेवटी तो भेटावाच लागतो का दर वेळी? अभिमान, आत्मसन्मान सगळं शिकून झालं की दारात एक सुतार उभा, मिस्किल हसणारा. आमच्याकडे सुतार तीन वेळा बोलावून येत नाही.

एक मात्र कबूल करते. त्यातल्या एकात नायिका एकटी हॉटेलात जेवायला जाते, नावसुद्धा आठवत नाही पुस्तकाचं. ते वाचून मी ४४ व्या वर्षी पहिल्यांदा एकटी थाळी खायला गेले. वेटरने विचारलं अजून कोण येतंय? म्हटलं कोणी नाही. आमरस तीनदा घेतला.

लोकलवाली:
@ताक, तीनदा!! हीच खरी हिरॉईन.

धाकटा_भाऊ:
पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? मला तीन मोठ्या बहिणी, बायकोने अनुजा चौहानचं ठाकूर बहिणींचं पुस्तक दिलं, २०१३ चं. दिल्लीच्या हेली रोडवरचं घर, ऐंशीचं दशक, रिटायर्ड जज्जसाहेब आणि पाच मुली, अंजिनी, बिनोदिनी, चंद्रकांता, देबजानी, ईश्वरी, थेट एबीसीडीई, आणि चौथी टीव्हीवर बातम्या देते. भाऊबीजेला मोठ्याने वाचलं तर तिघी भांडायला लागल्या मी कोण तू कोण. मी विचारलं मी कोण, तर तिघी एकदम म्हणाल्या, कुत्रा.

खिसा_रिकामा:
सोफी किन्सेलाचं 'शॉपोहोलिक'. लेखिकेचं हे टोपणनाव होतं, आधी ती मॅडेलिन विकहॅम या खऱ्या नावाने गंभीर कादंबऱ्या लिहायची आणि हे हलकंफुलकं पुस्तक तिने स्वतःच्याच प्रकाशकाकडे नाव न सांगता पाठवलं होतं. तिची नायिका लोकांना पैसे कसे वाचवायचे ते लिहून पोट भरते आणि स्वतः कर्जात बुडालेली. मी बँकेत लोन डिपार्टमेंटला. क्रेडिट कार्डं तीन. याहून जास्त लिहीत नाही, नवरा हा धागा वाचतो.

मोरपीस:
काय एकेक लिहिलंयत. आजींचं वाचून मला राहवेना, आत्याला फोन लावला, ८१ ची आहे आता, ऐकू कमी येतं त्यामुळे ओरडून कबूल करावं लागलं की तुझ्याकडे राहताना बुककीपिंगच्या कव्हरात प्रेमकथा वाचायचे. खालच्या मजल्यावरच्यांनाही कळलं असेल.

आत्या म्हणाली, माहीत होतं. म्हटलं कसं काय, तुला तर इंग्रजी येत नव्हतं. म्हणाली, "बुककीपिंग वाचताना कुणी गालातल्या गालात हसतं का?"