कलम 127 ची मुदत संपली, आता आरक्षण उठल्याचं राजपत्रात कसं आणायचं?

मदत हवी आहे. आमच्या 11 गुंठ्यांवर नगरपरिषदेच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे. आराखडा 2011 पासून लागू. दहा वर्षांत ना भूसंपादन, ना मोबदला. जागेवर आजही बाभळी आणि शेजाऱ्याच्या म्हशी.

जानेवारी 2023 मध्ये एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा) कलम 127 खाली नगरपरिषदेला खरेदी सूचना दिली, म्हणजे 'जागा घ्या, नाहीतर आरक्षण सोडा' अशी नोटीस. सोबत सातबारा, मोजणी नकाशा जोडला होता. आवक शिक्क्याची पोहोच आहे. त्यानंतर संपादनासाठी असलेले 24 महिने कधीच उलटले. मध्ये नगरपरिषदेने 'जागा संपादित करावी' असा ठराव केला आणि टीडीआर (पैशांऐवजी दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या म्हणाले. आम्ही लेखी नकार दिला. माहिती अधिकारात उत्तर आलं की कलम 126 ची, म्हणजे भूसंपादनाची, अधिसूचना निघालेलीच नाही. नुसत्या ठरावाने संपादन सुरू झालं असं होत नाही, एवढं सुप्रीम कोर्टाच्या गिरनार ट्रेडर्स निकालावरून कळलंय.

मालक आम्ही दोघे भाऊ, वाद नाही, कर्ज नाही. कोर्टात जायची तयारी आहे, पण शेवटी.

बांधकाम परवानगीला मात्र 'राजपत्र आणा' म्हणतात. कलम 127(2) च्या आदेशासाठी (आरक्षण संपल्याचं शासन राजपत्रात जाहीर करतं तो) अर्ज जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात द्यायचा की थेट मंत्रालयात नगरविकास विभागाकडे? आणि कोर्टाविना हा आदेश कुणाला मिळालाय का?