शाळेच्या जुन्या हस्तलिखितातल्या या नोंदी कुणी उलगडून सांगेल का? (१९६५ आणि १९७१)

शंभरपानी :

मी मनमाडच्या एका शाळेत मराठी शिकवते. स्मरणिकेसाठी कपाट उपसताना दोन हस्तलिखितं निघाली, १९६५-६६ चं आणि १९७१-७२ चं. कडा वाळवीने खाल्ल्यात, शाई मात्र शाबूत. दोन्हींच्या शेवटी 'विभागवार वृत्तांत' आहे. दोन्ही वर्षं युद्धाची, त्यामुळे थोडाफार अंदाज येतो, पण सगळं लागत नाही. जशाच्या तशा देते.

१९६५ : सोमवारचे धान्य – ६३ किलो.

१९७१ :
चित्रकला – तावदाने ११२. काजळी संपली.
शिवण – पायमोजे जमले नाहीत. मफलर ३१.
भूगोल – टाचण्या, रोज मधल्या सुट्टीत.
स्टेशन पथक – गाड्या चार, एक चुकली.
ब्लॅकआउट पथक – तक्रार नाही. (शेजारी समासात पेन्सिलीने : हंडे १६)

त्या वेळचं शाळेत आता कुणीच नाही. हंड्यांचं तर काहीच कळत नाही. पाण्याची मोजदाद ब्लॅकआउटमध्ये कशाला?

गिरगावची आजी :

सोमवारचं मी सांगते. १९६५ ला शास्त्रीजींनी आवाहन केलं होतं, आठवड्यातून एक वेळ जेवू नका, सोमवारची संध्याकाळ. आमच्याकडे गिरगावात हॉटेलंसुद्धा सोमवारी संध्याकाळी बंद असत. मंगळवारी शाळेत जाताना वाचलेले तांदूळ कागदाच्या पुडीत न्यायचे आणि वर्गातल्या डब्यात ओतायचे. तुमच्या शाळेतही असंच काही असणार.

घरात मात्र पंचाईत झाली. माझी आजी शंकराचे सोमवार करायची, आणि सोमवारचा उपास संध्याकाळीच सोडायचा असतो! पंतप्रधानांनी नेमकी तीच वेळ मागितली. ती म्हणाली, "महादेवाला दुपार दिली, शास्त्रीबुवांना रात्र दिली, मग मी जेवू केव्हा?" शेवटी दूध-केळं घेऊन निजायची. तिच्या वाटचे तांदूळ मात्र मोजून पुडीत पडायचे.

दोनसुया :

पायमोजे न जमायचं कारण टाच. मफलर दोन सुयांवर सरळ विणत जायचं, गप्पा मारता मारता होतो. मोज्याला चार सुया लागतात आणि टाचेपाशी टाके वळवावे लागतात, तिथे नवशिकीचं घोडं अडतं. आम्ही १९६२ ला साताऱ्यात हेच केलं. वाणी यायचा तो मिलिटरी हिरव्या लोकरीच्या लडी घेऊन. माझ्या पहिल्या मोज्याची टाच इतकी फुगली की बाई म्हणाल्या, यात जवानाचा पाय नाही, नारळ जाईल. ३१ मफलर म्हणजे मुलींनी बरंच काम केलंय हो.

जंक्शनवाला :

मॅडम, मी त्या वर्षी दहावीत होतो. (तेव्हा मॅट्रिक अकरावीला.) तुम्ही लिहिलेल्या ओळी वाचून हात थरथरला, का ते पुढे सांगेन.

तावदानं म्हणजे शाळेच्या खिडक्या. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने विमानतळांवर हल्ला केला, शनिवारी सकाळी चित्रकलेच्या सरांनी तास रद्द करून आम्हाला कंदिलाच्या काचा खरवडायला बसवलं. बाजारातला काळा रंग तासाभरात संपला होता. काजळी आणि सरस एकत्र उकळून आम्ही रंग केला. सरसाचा वास ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, ज्याला माहीत नाही त्याने सुखात राहावं. वर खाकी कागदाच्या पट्ट्या फुलीसारख्या चिकटवल्या, काच फुटली तरी उडू नये म्हणून. काजळी संपल्यावर उरलेल्या खिडक्यांना नुसतीच वर्तमानपत्रं लावली. नंतर पत्तीने खरवडता खरवडता होळी आली. वरच्या चार काचा मी शाळा सोडली तेव्हाही काळ्याच होत्या.

भूगोलाचे सर ट्रान्झिस्टर आणायचे. मधल्या सुट्टीत बातम्या, मग भिंतीवरच्या नकाशावर टाचण्या. पूर्वेकडच्या टाचण्या लावायला आमच्यात मारामारी व्हायची. जेसोर पडलं त्या दिवशी ज्याला टाचणी मिळाली तो दिवसभर हवेत. ६ तारखेला आपण मान्यता दिली, दुसऱ्या दिवशी सरांनी 'पूर्व पाकिस्तान' या अक्षरांवर चिठ्ठी डकवली : बांगला देश. पण पश्चिम आघाडीवरच्या, जम्मूकडच्या छांबची टाचणी सर आम्हाला लावू देत नसत. ती मागे सरकवावी लागत होती. ते आमच्याकडे पाठ करून स्वतःच सरकवायचे आणि काही बोलायचे नाहीत.

स्टेशनवर जवानांच्या गाड्या थांबल्या की आम्ही गूळ-शेंगदाणे आणि पाणी घेऊन धावायचो, गुरुद्वाऱ्यातून डाळ-रोटीच्या बादल्या यायच्या. काही गाड्यांवर ताडपत्रीखाली अवजड काहीतरी असायचं. आम्ही ते रणगाडेच म्हणायचो, नगरला रणगाडा दलाचं केंद्र, त्या बाजूने आलेली गाडी म्हणजे दुसरं काय असणार! जवान खिडकीतून पत्रं द्यायचे, टपालात टाका म्हणून. त्या दिवसांत पाकिटावर पाच पैशांचं जादा तिकीट लागायचं, कुटुंब नियोजनाच्या तिकिटावर 'शरणार्थी सहायता' असा छाप मारलेलं. ते आम्ही खाऊच्या पैशांतून लावायचो. चुकलेली गाडी पहाटे तीनला आली आणि गेली. आम्हाला कुणी कळवलंच नाही.

शंभरपानी :

काका, डोळ्यांपुढे उभं राहिलं सगळं. पण हंडे?

जंक्शनवाला :

सांगतो. ब्लॅकआउट पथकाचा प्रमुख मी. हातात काठी, दंडाला पांढरी फीत. रेल्वे वर्कशॉपचा भोंगा झाला की गल्लीतून हिंडायचं आणि ओरडायचं, दिवे घालवा. पंधरा वर्षांच्या पोराला एवढा अधिकार देऊ नये. बिडीचा निखारा दिसला तरी मी म्हाताऱ्या माणसांवर खेकसायचो.

एका रात्री गवळीवाड्याच्या टोकाला चूल पेटलेली दिसली, दार सताड उघडं. मी दोनदा ओरडलो. आतली म्हातारी बहिरी होती, हे मला माहीत नव्हतं. मी आत शिरलो आणि कोपऱ्यातली पाण्याची घागर उचलून चुलीवर उपडी केली. तव्यावर भाकरी होती. राख, धूर, भाकरीचा लगदा. म्हातारी माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "पानी वतलंस व्हय रं?"

मनमाडकरांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. आमच्याकडे भाकरी पुन्हा होते, पाणी पुन्हा कुठून आणायचं? त्या घागरीवर तिचे दोन दिवस निघायचे.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांपर्यंत गेलं. छडी नाही, काही नाही. म्हणाले, आठ दिवस शाळा सुटल्यावर रोज दोन हंडे तिच्या घरी भरायचे, आणि स्वतःच्या डोक्यावरून, सायकल नाही. १६ डिसेंबरला ढाक्याची बातमी आली, गावात पेढे वाटले, मिरवणूक निघाली. तेव्हा माझे तीन दिवस बाकी होते. मिरवणूक चौकातून चालली होती आणि मी हंडा डोक्यावर घेऊन कडेने. पोरांनी ढोल माझ्यापुढे आणून वाजवला.

हस्तलिखितातला वृत्तांत पथकप्रमुखाने लिहायचा, असा नियम होता. म्हणजे 'तक्रार नाही' हे माझंच अक्षर. समासातलं पेन्सिलीचं माझं नाही, ते हेडमास्तरांचं असणार. त्यांचा 'ह' खाली शेपटी काढलेला असायचा, बघा बरं.

शंभरपानी :

आहे शेपटी.