लहान घरगुती टाकेरियातला चांगला बरिटो कसा ओळखायचा?

प्रश्न : फ्रिमाँटकर

मुक्काम बे एरियात (कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आखाताभोवती), सॅन होजेजवळ. साखळी हॉटेलातला बरिटो (मोठ्या पोळीत गुंडाळलेलं सारण) नको, घरच्याच माणसांनी चालवलेल्या लहान टाकेरियातला, म्हणजे मेक्सिकन खाणावळीतला, हवा आहे. पण इथे चार पावलांवर एक टाकेरिया, प्रत्येकीला साडेचार तारे, आणि फोटोत सगळे बरिटो फॉइलमध्ये गुंडाळलेले, सारखेच. आत गेल्यावर नेमकं काय बघायचं आणि काय मागवायचं? चौघांपैकी एक जण पूर्ण शाकाहारी (अंडंही नाही), दोघं बीफ खात नाहीत. स्पॅनिश कोणालाच येत नाही. सुट्टीच्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जायची तयारी आहे.

पोळपाट_लाटणं

आधी टॉर्टिया म्हणजे बाहेरची पोळी बघा, सारण नंतर. आपण खाणावळीची परीक्षा पोळीवरून करतो, तसंच हे.

बरिटो हा गव्हाचा पदार्थ आहे आणि गहू मेक्सिकोच्या उत्तरेचा. सोनोरा, चिवावा ही राज्यं बरिटोची. जसजसं दक्षिणेला जाल तसतसा मका येतो आणि बरिटो जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे पाटीवर, मेन्यूवर किंवा भिंतीवरच्या चित्रांत कोणत्या राज्याचं नाव आहे ते शोधा. लहान ठिकाणी ते बहुतेक असतंच, कारण मालकांना आपल्या गावाचा अभिमान असतो. सोनोरा, चिवावा, दुरांगो दिसलं तर बरिटो बिनधास्त मागवा. हालिस्को असेल तर बिरियाकडे (मसालेदार रश्श्यात शिजलेलं मांस) बघा, मिचोआकान असेल तर कार्निटासकडे (चरबीत शिजवलेलं डुकराचं मांस). ओआहाका किंवा पुएब्लाचं घर असेल तर बरिटो मेन्यूवर असतो तो गिऱ्हाइकं मागतात म्हणून. तिथे त्लायुदा (मोठी कुरकुरीत मक्याची टॉर्टिया), मोले (मिरच्यांचा दाट रस्सा), सेमिता (पावातलं सँडविच) खा. घरची माणसं जे स्वतः खातात तेच मन लावून करतात.

जाता जाता, सोनोराच्या गव्हाशी आपलंही नातं आहे. तिथल्याच याकी खोऱ्यात नॉर्मन बोरलॉग यांनी गव्हाच्या बुटक्या वाणांवर काम केलं आणि ‘सोनोरा ६४’चं बियाणं १९६०च्या दशकात भारतात आलं.

आता टॉर्टिया हातात आल्यावर. हाताने केलेली असेल तर पूर्ण गोल नसते, जाडी कुठे कमी कुठे जास्त, फुगून आलेल्या जागी तपकिरी डाग आणि उजेडात धरली तर जराशी अर्धपारदर्शक. तो पारदर्शकपणा चरबीचा. बोटाने ओढली तर ताणते आणि मग पापुद्र्यात फाटते. पाकिटातली असेल तर डाग सगळीकडे सारखे आणि वासाला किंचित आंबूस. बे एरियात मोठ्या बरिटोसाठी १२-१३ इंची पाकिटातलीच टॉर्टिया सर्रास वापरतात, तेवढ्यावरून जागा नापास करू नका. ती गरम कशी करतात ते बघा. वाफेच्या यंत्रात १०-१५ सेकंद पुरतात. जास्त झाली की पीठ दाताला चिकटतं. आणि थंड टॉर्टिया तशीच भरली तर घडीवर चिरते आणि अर्ध्या वाटेत रस्सा मनगटावर येतो.

मिरची_४०८

पोळपाट_लाटणं यांचं राज्याचं सूत्र बरोबर आहे, पण सॅन फ्रान्सिस्कोला एक अपवाद धरावा लागेल. फॉइलमधला, भात घातलेला जाडजूड बरिटो हा तिथल्या मिशन वस्तीचा. १९६०च्या दशकात तो तिथे रुजला. एल फारो ही टाकेरिया १९६१ सांगते, ला कुंब्रे ही दुसरी १९६९ सांगते, पहिलेपणाचा मान दोघींनाही हवा आहे. या प्रकारात मालकाचं राज्य कोणतं याने फारसा फरक पडत नाही. काउंटरमागचा हात कसा चालतो याने पडतो. म्हणून रांगेत उभे असताना फोन खिशात ठेवा आणि पुढच्या दोन गिऱ्हाइकांचे बरिटो भरताना बघा.

चीज सगळ्यात आधी, गरम टॉर्टियावर पडलं पाहिजे, म्हणजे ते वितळून थर तयार होतो आणि ओल टॉर्टियापर्यंत पोचत नाही. बीन्स झाऱ्याने निथळून घेतात का? डाव सरळ पातेल्यातून टॉर्टियावर आला तर पाच मिनिटांत बूड फाटणार. भात मोकळा हवा. चांगल्या ठिकाणी तांदूळ आधी तेलावर परततात, मग टोमॅटोचं वाटण आणि पाणी घालतात, त्यामुळे शितं वेगळी राहतात. मांस प्लांचावरून (मोठ्या सपाट तव्यावरून) आल्यावर पाटावर बारीक चिरलं पाहिजे, साधारण एक सेंटीमीटरचे तुकडे. लांब पट्ट्या राहिल्या की पहिल्याच घासात अख्खा तुकडा ओढला जातो आणि मागची पोकळी कोसळते.

सगळ्यात मोठी चूक आडव्या ढिगांची. भात एका टोकाला, मांस मधे, आंबट मलई दुसऱ्या टोकाला. असा बरिटो कितीही चांगल्या मालाचा असो, अर्धा नुसता भात आणि शेवटी गार मलईचा गोळा. सारण टॉर्टियाच्या लांबीभर उभ्या पट्ट्यात पसरलं पाहिजे, म्हणजे प्रत्येक घासात सगळं येतं. पिको दे गायोही (चिरलेल्या टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर) निथळून घालायला हवा. टोमॅटोला मीठ लागलं की पाणी सुटतंच.

आकारावर भुलू नका. अर्धा किलोचा बरिटो भाताने सहज भरतो. मिशन स्ट्रीटवरचं ला टाकेरिया (१९७३ पासून, २०१७ साली जेम्स बियर्ड फाउंडेशनचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ सन्मान) भात घालतच नाही. तिथे ‘दोरादो’ म्हणून मागा. भरलेला बरिटो प्लांचावर पुन्हा फिरवून बाहेरून खरपूस सोनेरी करून देतात. मेन्यूवर शोधत बसू नका, तोंडी सांगायचं. शहरातल्या पहिल्या बरिटोसाठी मी तिथेच पाठवेन.

सॅन होजेत साल्सा आधी चाखा. इथली केशरी साल्सा दिसायला मलईदार असते, पण बहुतेक ठिकाणी तिच्यात दूध नसतं, भाजलेल्या सुक्या मिरच्या आणि लसूण तेलात घोटून तो दाटपणा येतो. मिरची नीट भाजली आहे की जळली आहे हे एका थेंबात कळतं. जळलेली असेल तर कडवट चव जिभेच्या मागे रेंगाळते. साल्सात हयगय करणारं घर बाकी कशात काळजी घेत असेल असं मला वाटत नाही.

सुगरण_सनीवेल

शाकाहाराचं नीट समजून घ्या, कारण फसगत बीन्समध्ये होते. मेक्सिकोत ‘मान्तेका’ म्हणजे डुकराची चरबी. लोणी म्हणजे ‘मान्तेकिया’. दोन शब्द जवळचे वाटतात, अर्थ दूरचे. घोटलेले बीन्स अनेक घरगुती ठिकाणी मान्तेकातच परततात, आणि हाताने केलेल्या टॉर्टियातही तीच असू शकते. भात कोंबडीच्या रश्श्यात किंवा त्याच्या भुकटीत शिजवलेला असू शकतो. अख्ख्या बीन्समध्येही कधीकधी बेकनचे तुकडे पडतात.

हे तीन प्रश्न पाठ करा:
लोस फ्रिहोलेस येवान मान्तेका? (बीन्समध्ये चरबी आहे का?)
लास तोर्तियास येवान मान्तेका?
एल आरोस येवा काल्दो दे पोयो? (भातात कोंबडीचा रस्सा आहे का?)

नुसतं ‘सिन कार्ने’ म्हणू नका. ‘कार्ने’ म्हणजे पुष्कळांच्या लेखी गाईचं मांस, तेव्हा कोंबडी किंवा हॅम येऊ शकतं. ‘नि पोयो, नि हामोन’ जोडा. ‘राहास’ म्हणजे भाजून सोललेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या. त्या चीजबरोबर मिळाल्या तर शाकाहारी बरिटो त्याहून चांगला होत नाही. ‘नोपालेस’ म्हणजे निवडुंगाची पानं, चवीला आंबटसर, जराशी भेंडीसारखी बुळबुळीत. चिलेस रेयेनोस (भरलेल्या मिरच्या) टाळा, त्यांच्यावर अंड्याचं आवरण असतं. प्लांचा आणि उलथनं सगळ्यांना एकच असतं, ते चालत नसेल तर दोरादो नको, वाफेची टॉर्टिया घ्या. चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (दूध गोठवणारं विरजण) असू शकतं, तेही बघा.

बीफ नको असणाऱ्यांसाठी: असादा, लेंग्वा, काबेसा, त्रिपा, सुआदेरो, माचाका ही नावं दिसली की बीफ समजा. अमेरिकेत बार्बाकोआही बहुतेक बीफच, आणि बिरिया बोकडाची असेलच असं नाही, विचारा. अल पास्तोर, कार्निटास, चिले वेर्दे ही डुकराची. कोंबडीत नुसत्या ‘पोयो’पेक्षा ‘तिंगा’ बरी. उकडलेली छाती कोरडी पडते, तिंगा चिपोत्ले (धुरावलेली सुकी मिरची) आणि टोमॅटोच्या रसात मुरलेली असते.

फ्रिमाँटकर

फारच उपयोगी, आभार! दोन गोष्टी. अल पास्तोर सगळीकडे सारखंच असतं का? आणि घरी आणायचा तर २५ मिनिटांचा रस्ता आहे, चालेल?

सान_दिएगो_वारी

पास्तोर सारखं नसतं. खरं पास्तोर ‘त्रोंपो’वर होतं, म्हणजे उभ्या सळईवर रचलेलं मांस बाहेरून भाजत जातं आणि कडा सुरीने पातळ उतरवतात. लेबनॉनहून मेक्सिकोत गेलेल्या लोकांच्या शावर्म्यापासून हे आलं. लहान ठिकाणी त्रोंपो बहुधा संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारीच लावतात, कारण रचलेला माल खपायला गर्दी लागते. बाकीच्या वेळी तेच मसालेदार मांस प्लांचावर परतून मिळतं. तेव्हा कडा कुरकुरीत होत नाहीत. सळई फिरताना दिसली तरच मागवा.

भाताबद्दल माझं मत वेगळं आहे. आमच्या सान दिएगोच्या कॅलिफोर्निया बरिटोत भात नाही, बीन्स नाहीत. असादा (भाजलेलं बीफ), चीज, पिको किंवा ग्वाकामोले (अॅव्होकाडोची चटणी) आणि फ्रेंच फ्राइज. मांसाचा रस बटाटा शोषतो आणि चवही राखतो. अट एकच, फ्राइज तळणीतून नुकत्याच निघालेल्या हव्यात. दिव्याखाली ठेवलेल्या असतील तर ओल्या पुठ्ठ्यासारख्या लागतात.

पोळपाट_लाटणं

२५ मिनिटं चालेल, पण मागवतानाच सांगा: साल्सा, पिको, मलई, ग्वाकामोले सगळं वेगळ्या डबीत. गार आणि ओलं हेच दोन शत्रू. दोरादो आणू नका, फॉइलमधल्या वाफेत त्याचा खरपूसपणा दहा मिनिटांत जातो. साधा आणा, आणि गाडीत बसल्यावर फॉइलचं वरचं टोक बोटभर उघडा, म्हणजे वाफ बाहेर पडेल.

घरी आल्यावर फॉइल काढून आपल्या पोळीच्या तव्यावर, तेल न घालता, मंद आचेवर घडीची बाजू आधी खाली. दोन-तीन मिनिटांत घडी चिकटून बंद होते, मग फिरवत बाकीच्या बाजू. आच मोठी केली तर बाहेरून करपतो आणि मधला भात गार राहतो. फ्रिजमधला असेल तर आधी ओल्या कागदी रुमालात गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये मिनिट-दीड मिनिट, मग तव्यावर.

आणि रोख पैसे जवळ ठेवा, काही लोंचेरा म्हणजे खाण्याच्या गाड्यांवर कार्ड चालत नाही.

मिरची_४०८

एक भर. कार्निसेरियांना, म्हणजे मेक्सिकन खाटकांच्या दुकानांना, यादीत नक्की घ्या. कित्येकांच्या मागच्या बाजूला छोटं स्वयंपाकघर असतं. मुरवलेलं मांस त्यांचं स्वतःचं, रोज खपणारं, त्यामुळे ताजं. ताऱ्यांवर जाऊ नका, स्पॅनिशमधले अभिप्राय भाषांतर करून वाचा आणि फोटोंत अर्धा कापलेला बरिटो शोधा. कापावर सगळे रंग मिसळलेले दिसले तर हात चांगला. नुसता पांढरा भात दिसला तर पुढची टाकेरिया बघा.