रेंडरमागचे आकाश बदलताना कडा पांढऱ्या दिसतात

प्रश्न: नागपूरच्या फुटाळा तलावाजवळील बंगल्याचे ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमधील रेंडर (मॉडेलवरून तयार होणारे चित्र) जेपीजी स्वरूपात काढून मी फोटोशॉपमध्ये मागचे आकाश बदलले, परंतु गच्चीच्या जाळीभोवती आणि कडुलिंबाच्या पानांभोवती पांढरी किनार उरते. काय करावे?

उत्तर: जेपीजीमध्ये पारदर्शकता साठवली जात नाही, त्यामुळे फोटोशॉपमध्ये आकाशाची निवड (सिलेक्शन) कितीही जपून केली तरी पानांच्या कडांत जुने आकाश मिसळलेलेच राहते. ब्लेंडरच्या रेंडर सेटिंगमधील ‘फिल्म’ या विभागातला ट्रान्सपरंट (पारदर्शक पार्श्वभूमी) हा पर्याय सुरू करून पीएनजी, आरजीबीए (रंगांसोबत पारदर्शकताही साठवणाऱ्या) स्वरूपात पुन्हा रेंडर करा; एवढा वेळ द्याच.

दुसरे उत्तर: सहमत आहे. मात्र खिडक्यांच्या काचांत जुनेच आकाश दिसत राहील, आणि मला तेच सर्वांत आधी खटकते. शिवाय नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्यात भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा आखूड सावल्यांमागे संध्याकाळचे आकाश लावू नका.

प्रश्नकर्ता: पुन्हा रेंडर केले, जाळी स्वच्छ आली. काचांचे काम आता हाती घेतो. मनापासून आभार.