मदत हवी आहे: ‘रन’चे इतके अर्थ मुलींना कसे शिकवू?

नमस्कार मंडळी. जनता वसाहतीतल्या, मराठी माध्यमात आठवीत शिकणाऱ्या सहा मुलींना मी दर रविवारी इंग्रजी शिकवते. परवा ‘रन’वर गाडी अडली. धावणं आणि क्रिकेटमधली धाव त्यांना माहीत होती. पण इंग्रजीत नळ, नाक, दुकान, निवडणूक, धुताना जाणारा कपड्याचा रंग, सगळीकडे ‘रन’च! एकीने कळवळून विचारलं, “ताई, एवढं लक्षात कसं ठेवायचं?”

मग मी आपलं ‘लागणे’ काढलं. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, वाटेत घाट लागतो. मुलींचे चेहरे एकदम खुलले.

पण पुढे काय? ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत एकट्या ‘सेट’चे ४००हून जास्त अर्थ आहेत. घोकणं शक्यच नाही, आणि मला ते पटतही नाही. आधी मूळ अर्थ पक्का करून बाकीचे त्यावरून उलगडावेत, की थेट वाक्यांतूनच शिकवावं? ज्यांनी शिकवलंय त्यांनी सांगा ना. आणि प्रत्येक अर्थाला वाक्य देणारा इंग्रजी-मराठी कोश पुण्याच्या पुस्तकबाजारात, अप्पा बळवंत चौकात, कुणाला मिळालाय का? येत्या रविवारी ‘गेट’ (get) घ्यायचंय.